कशेरुक दंड संक्रामण, उपचारोत्तर

पाठीच्या किंवा कंबरेच्या दुखण्यावर इलाज म्हणून कशेरुक दंडात (पाठीच्या कण्यात) सुई, नळी किंवा अंतर्दर्शक (शरीराचा आतील भाग पाहण्याचे नळीसारखे उपकरण) घालून केलेल्या उपचारानंतर तेथे सूक्ष्मजंतूंचा शिरकाव होऊन जे विकार उद्‌भवतात, त्यांना ही संज्ञा लावतात. कशेरुकांमधील (मणक्यांमधील) चकतीचा शोथ (दाहयुक्त सूज), चकतीलगतच्या कशेरुकांचा अस्थिशोथ, मेरुरज्जूच्या बाह्य आवरणाबाहेर होणारा विद्रधी (पुवाचे गळू) आणि मेरुरज्जूच्या आवरणांचा शोथ हे त्याचे प्रमुख प्रकार होत. हे विकार विरळा आढळतात. परंतु ज्या थोड्या रुग्णांत ते होतात त्यांच्या बाबतीत निदानास काही आठवड्यांचा, क्वचित काही महिन्यांचा विलंब होणे हे जवळजवळ नेहमीचेच ठरले आहे. या विलंबाचे कारण काही अंशी रोगाच्या स्वरूपात आहे; तितकेच ते ‘टाका नाही, जखम नाही’ या अशा उपचारांच्या ख्यातीतही आहे. ज्या ठिकाणी जखमच दिसत नाही, तेथे जखम चिघळली असेल अशी शंका रुग्णाला येत नाही आणि पुष्कळदा वैद्यालाही येत नाही.

शारीर : मानेपासून त्रिकास्थीपर्यंतच्या (माकडहाडापर्यंतच्या) कशेरुकांमध्ये २३ चकत्या असतात. बोलीत यांनाच ‘गादी’ म्हणतात आणि चकतीचा मऊ गाभा बाहेर येऊन तंत्रिकेवर (मज्जातंतूवर) दाब पडला म्हणजे ‘गादी सरकली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रौढ माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या व खालच्या कशेरुकांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पातळ थरांतून पाझरणाऱ्या द्रवावर चालते. शरीरातील हा सर्वांत मोठा रक्तवाहिनीरहित भाग समजला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या रचनेला फार महत्त्व आहे. रक्तच पोहोचत नसल्याने जंतूंशी सामना करणाऱ्या श्वेत कोशिका व प्रतिजैविक औषधे तेथे अपुऱ्या प्रमाणात पोहोचतात. म्हणून त्वचेवर एरवी निरुपद्रवी असलेले थोडेसे जंतूही चकतीत नेऊन सोडले, तर तेथे बिनदिक्कत वाढू शकतात. चकतीमागील नलिकेत मेरुरज्जू आणि कंबरेच्या भागात तंत्रिकामुळांचा जुडगा असतो. तेथे पू साठल्यास पायांतील शक्ती आणि मलमूत्रावरील ताबा जाण्याचा धोका असतो.

इतिहास : कण्याच्या संक्रामणाची सर्वांत परिचित जात म्हणजे क्षयरोग. प्राचीन ईजिप्तमधील ममींच्या कण्यांत त्याच्या खुणा सापडल्या आहेत. पर्सिव्हल पॉट (१७१४–८८) या इंग्रज शस्त्रक्रियाविशारदांनी १७७९ मध्ये पाठीचे कुबड व पायांचा पक्षाघात यांचा संबंध वर्णन केला. म्हणून या विकारास पॉट विकार असे नाव पडले. त्याचे कारण असलेला जंतू रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) यांनी १८८२ मध्ये शोधून काढला [→ क्षयरोग]. या संक्रामणात जंतू रक्तावाटे कण्यात येतात. माणसानेच तेथपर्यंत वाट करून देण्याचा प्रकार त्यानंतर सुरू झाला.

जर्मन वैद्य हाइन्रिख क्विंके (१८४२–१९२२) यांनी १८९१ मध्ये कंबरेतून सुई घालून मेरुद्रव काढण्याची पद्धत प्रचारात आणली. कील येथे ऑगस्ट बीअर (१८६१–१९४९) यांनी १८९८ मध्ये त्याच वाटेने कोकेन टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. पॅरिसमध्ये १९०१ साली सिकार व काथलँ या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाच्या छिद्रातून मेरुरज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत औषध सोडण्याची रीत वर्णन केली. आज एपिड्यूरल या नावाने सर्वत्र दिले जाणारे इंजेक्शन या रीतीचेच वंशज होय. १९५२ मध्ये इटलीत रोबेक्की व काप्रा यांनी त्यातून हायड्रोकॉर्टिसोन दिले आणि कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळांवर स्टेरॉइडाचे इंजेक्शन देण्याची प्रथा रूढ झाली.

सुईने कण्याला इजा होऊ शकते, हे प्रथम मुलांत लक्षात आले. मस्तिष्कावरणशोथ झालेल्या मुलांचा मेरुद्रव वारंवार काढावा लागे. अशा काही मुलांना बरे झाल्यावर पाठदुखी सुरू होई आणि क्ष-किरण चित्रात दोन कशेरुकांमधील अंतर कमी झालेले दिसे. अमेरिकेत पीझ यांनी १९३५ मध्ये व इंग्लंडमध्ये मिलवर्ड व ग्राउट यांनी १९३६ मध्ये याची नोंद केली. नलिका ओलांडून सुईचे टोक पुढच्या चकतीत रुतत होते, असा त्याचा अर्थ होता.

याच सुमारास पाठदुखीविषयीच्या विचाराला वेगळे वळण मिळाले. बॉस्टनमधील मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये पायात उतरणाऱ्या कळांचे कारण बाहेर आलेली चकती हे असल्याचे दाखवून ती शस्त्रक्रियेने काढण्याचा मार्ग सांगितला. शस्त्रक्रियांची संख्या वाढू लागताच एक चमत्कारिक प्रकार दिसू लागला. रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर आराम पडे, जखम भरून येई, तो घरी जाई. आणि दोन-चार आठवड्यांनी त्याला पूर्वीहूनही असह्य अशी कंबरदुखी सुरू होई. ताप बहुधा नसे. कॅनडातील टर्नबुल यांनी १९५३ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र हे जंतूंचे काम, की शस्त्रक्रियेने दुखावलेल्या चकतीची केवळ प्रतिक्रिया, यावर पुढे तीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू राहिला. जंतू सापडत नाहीत, म्हणून ते नाहीतच, असे मानणारा पक्ष मोठा होता.

दरम्यान चकतीपर्यंत जाणारी वाट अरुंद करण्याचे प्रयत्न चालू होते. स्वीडनमध्ये लिंडब्लॉम यांनी १९४८ मध्ये चकतीत सुईने क्ष-किरण रोधी द्रव भरून तिचे चित्र घेतले. अमेरिकेतील लायमन स्मिथ यांनी १९६३ मध्ये पपईच्या चिकापासून मिळणारे कायमोपपेन हे एंझाइम चकतीत टोचून तिचा गाभा विरघळविला. कच्च्या पपईच्या फोडीने मांस लवकर शिजते हा स्वयंपाकघरातला अनुभव येथे शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून पुढे आला. या औषधाला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली; तीव्र ॲलर्जी व तंत्रिकांना होणारी इजा यांमुळे त्याचा वापर मागे पडला आणि २००३ मध्ये तेथील त्याची विक्री थांबली. जपानमधील हिजिकाता यांनी १९७५ मध्ये त्वचेतून घातलेल्या नळीवाटे चकतीचा गाभा ओढून काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. यासार्गिल व कास्पर यांनी १९७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रिया रूढ केली. १९८० नंतर लेसर किरणांचा उपयोग झाला. १९९७ मध्ये फोली व स्मिथ यांनी नळी व अंतर्दर्शक यांची सांगड घातली. पिचलेल्या कशेरुकात सिमेंटसारखे द्रव्य भरण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये १९८४ साली झाला. या साऱ्या पद्धतींमुळे स्नायू कमी कापले जाऊ लागले, रुग्णालयातील मुक्काम दिवसा-दोन दिवसांवर आला आणि शस्त्रक्रियेच्या धास्तीने वर्षानुवर्षे दुखणे सोसणारे अनेक लोक उपचारास तयार झाले. हा लाभ खरा आहे, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

त्वचा व सुई : वर उल्लेखिलेल्या वादाचा निकाल ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथे लागला. फ्रेझर, ऑस्टी व व्हर्नन-रॉबर्ट्‌स यांनी चकतीचे चित्रण केलेल्या ४३२ रुग्णांची तपासणी करून १९८७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आतील पोकळीत तार नसलेली साधी सुई थेट चकतीत घातलेल्यांपैकी २·७ टक्के रुग्णांना चकतीशोथ झाला होता. याउलट तार बसविलेली जाड सुई त्वचेतून घालून, तिच्या आतून दुसरी बारीक सुई चकतीत नेल्यास हेच प्रमाण ०·७ टक्का होते. फरकाचे कारण साधे होते. पोकळ सुई त्वचेचा एक सूक्ष्म तुकडा कापून घेते व तो पुढे ढकलते. त्वचेचा पृष्ठभाग जंतुनाशकाने कितीही पुसला, तरी केसांच्या मुळांशी व घामाच्या ग्रंथींत राहणारे जंतू तेथेच असतात. दुसऱ्या पद्धतीत चकतीत शिरणाऱ्या सुईचा त्वचेशी स्पर्शच होत नाही.

त्यांनी मेंढ्यांच्या चकत्यांत जंतू टोचूनही पाहिले. प्रत्येक मेंढीत चकतीशोथ झाला. सुरुवातीच्या काळात चकतीतून ते जंतू परत मिळविता आले. पुढे मात्र विकार चालू असूनही ते सापडेनासे झाले. म्हणजे उशिरा केलेल्या तपासणीत जंतू न मिळणे हा ते नसल्याचा पुरावा नव्हे. वीस-तीस वर्षे ज्या रुग्णांना जंतूविरहित प्रतिक्रिया झाल्याचे सांगण्यात आले होते, त्यांपैकी बहुतेकांना संक्रामण झालेले असावे, असे मानण्यास यामुळे आधार मिळाला. या गटाने १९९० मध्ये प्रतिबंधक प्रतिजैविकाचाही उपयोग दाखवून दिला.

अशा संक्रामणात सर्वांत अधिक आढळणारे जंतू म्हणजे त्वचेवर वास्तव्य करणारे पुंजगोलाणू. त्याखालोखाल आतड्यात राहणारे व पाण्यात वाढणारे जंतू आढळतात. मधुमेह, मूत्रपिंडाचे जुनाट विकार, दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइडाचे सेवन आणि शरीरात अन्यत्र असलेले संक्रामण यांमुळे धोका वाढतो. स्टेरॉइडाच्या इंजेक्शनाने काही दिवस रक्तातील साखर चढते, ही गोष्ट मधुमेही रुग्णाच्या बाबतीत विसरून चालत नाही.

औषधातून होणारे संक्रामण : सुई निर्जंतुक, त्वचा स्वच्छ, हात कसलेला, आणि तरीही बाटलीतील औषधच दूषित असेल, तर काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण २०१२ मध्ये अमेरिकेत घडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात टेनेसी राज्यात पाठदुखीसाठी एपिड्यूरल इंजेक्शन घेतलेल्या एका रुग्णाच्या मेरुद्रवात कवक (बुरशी) सापडले. असे कवक निरोगी माणसाच्या मेरुद्रवात जवळजवळ कधीच आढळत नाही. चौकशीअंती मॅसॅचूसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम येथील न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या औषध-मिश्रण केंद्रात तयार झालेल्या मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडाच्या तीन तुकड्या दूषित असल्याचे उघड झाले. औषधात परिरक्षक द्रव्य नव्हते. या बाटल्यांतील औषध तेरा-चौदा हजार लोकांना टोचले गेले होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदीनुसार २० राज्यांत ७५३ जणांना संक्रामण झाले व ६४ जण दगावले. बहुतेकांत सापडलेले एक्सेरोहायलम रॉस्ट्रॅटम हे कवक एरवी गवताच्या जातीतील वनस्पतींच्या पानांवर वाढते.

प्रथम मस्तिष्कावरणशोथाचे रुग्ण आले. ते ओसरू लागल्यावर, अनेक आठवड्यांनी, इंजेक्शनाच्या जागीच विद्रधी झालेल्यांची दुसरी लाट आली. मिशिगनमधील एका रुग्णालयाने दूषित औषध घेतलेल्या, पण तोवर उपचारासाठी न आलेल्या १७२ जणांच्या कण्याचे चित्रण केले, तेव्हा ३६ जणांत विकृती आढळली. यांतील काहींना आपले दुखणे वाढल्याचेही जाणवले नव्हते. कंबर आधीपासून दुखतच होती, म्हणूनच तर त्यांनी इंजेक्शन घेतले होते. जुने दुखणे नव्या रोगाला कसे झाकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. या प्रकरणानंतर २०१३ मध्ये औषधांच्या गुणवत्तेसंबंधी नवा कायदा अमेरिकेत झाला आणि केंद्राच्या चालकांना पुढे कारावास झाला.

साठवणीतील निष्काळजीपणाही पुरेसा ठरतो. श्रीलंकेत २००५ मध्ये प्रसूतीच्या शस्त्रक्रियेसाठी कंबरेतून भूल दिलेल्या पाच स्त्रियांना ॲस्परजिलस कवकाचा मस्तिष्कावरणशोथ झाला व तिघी मरण पावल्या. त्सुनामीनंतर मदत म्हणून आलेल्या साहित्याच्या दाटीत दमट जागी ठेवलेल्या इंजेक्शनाच्या पिचकाऱ्यांकडे तेथे संशयाची सुई वळली.

मुंबईला हा धडा फार जुना आहे. व्हाल्डेमार हाफकीन (१८६०–१९३०) यांच्या परळ येथील प्लेग प्रयोगशाळेत तयार झालेली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल गावी १०७ जणांना टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष प्रयोगशाळेवर ठेवून हाफकीन यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे कागदपत्रांतून असे निष्पन्न झाले की, बाटली उघडताना गावातील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढण्यासाठी वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकीन दोषमुक्त ठरले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. एक बाटली अनेकांसाठी वापरताना ती उघडण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो, हे त्या खेड्यातील घटनेने दाखवून दिले होते. मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये भेसळयुक्त ग्लिसरिनामुळे १४ रुग्ण दगावले व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध-नियंत्रणातील उणिवांवर बोट ठेवले. तेथे कारण रासायनिक होते, जंतूंचे नव्हते. पण रुग्णाच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या वैद्याला बाटलीतील दोष दिसत नाही, ही गोष्ट दोन्हींत समान आहे.

पाणी व उपकरणे : नळीतून करावयाच्या शस्त्रक्रियांची उपकरणे लांब, पोकळ व सांध्यांची असतात. त्यांच्या कोनाकोपऱ्यांत रक्त व ऊतकांचे कण अडकून राहतात. भिंगे व प्रकाशवाहक तंतू पूर्वी वाफेच्या उष्णतेने खराब होत. म्हणून ती ग्लुटाराल्डिहाइडाच्या द्रावणात बुडवून ठेवण्याची प्रथा पडली. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात वीस मिनिटे बुडवून काढलेले उपकरण निर्जंतुक झाले, असा समज त्यामुळे पसरला. वस्तुतः एवढ्या वेळात बहुतेक जंतू मरतात, पण बीजाणू (जंतूंची टिकाऊ अवस्था) मारण्यास त्या द्रावणात सु. दहा तास लागतात. त्याहून मोठी चूक पुढच्या पायरीवर होते. द्रावण दाहक असल्याने उपकरण धुवावे लागते. ते नळाच्या किंवा नुसत्या उकळून साठविलेल्या पाण्याने धुतल्यास पाण्यातील जंतू त्यावर पुन्हा बसतात.

भारतात पित्ताशयाची दूरबिणीने केलेली पहिली शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली. त्यानंतर दशकभरातच, २००१ मध्ये, दूरबिणीच्या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या मायकोबॅक्टिरियम किलोनी या जंतूच्या संक्रामणाविषयी मुंबईतील सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञांचा लेख प्रसिद्ध झाला. बंगलोरमधील एका रुग्णालयात याच जंतूने सहा आठवड्यांत ३५ रुग्णांच्या १४५ छिद्रांच्या जागी संक्रामण केल्याचा वृत्तांत २००६ मध्ये आला; उगम होता रासायनिक द्रावणातून काढलेली उपकरणे धुण्याचे पाणी. ही उदाहरणे पोटाच्या शस्त्रक्रियेची आहेत, परंतु कण्याच्या अंतर्दर्शकालाही तेच पाणी व तेच द्रावण लागू होते. हा जंतू क्षयजंतूचा सगोत्र आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो क्षयजंतूसारखाच अम्लस्थिर (अम्लाने रंग न सोडणारा) दिसतो. मात्र क्षयरोगावरील नेहमीची औषधे त्याच्यावर चालत नाहीत. त्यामुळे चुकीच्या निदानाचा एक खास भारतीय सापळा येथे तयार होतो.

महाराष्ट्रातील स्थिती : १९९० नंतर मुंबई, पुणे, नागपूर आदी शहरांत व पुढे जिल्ह्याच्या ठिकाणीही सूक्ष्मदर्शक, नळी व अंतर्दर्शक यांच्या साहाय्याने कण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, वेदनाशमनाची इंजेक्शने तर त्याहून लवकर पसरली. चांगल्या परिस्थितीत काय साध्य होते, हे मुंबईतील बाँबे हॉस्पिटलच्या शस्त्रक्रियाविशारदांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून दिसते. नळीतून शस्त्रक्रिया झालेल्या १,०४३ रुग्णांपैकी केवळ तिघांना संक्रामण झाले, म्हणजे प्रमाण ०·२९ टक्के. खुल्या शस्त्रक्रियेच्या मानाने हे फार कमी आहे. अर्थात हे आकडे सर्व साधनांनी युक्त अशा रुग्णालयातील अनुभवी हातांचे आहेत आणि त्यांत इंजेक्शनांचा समावेश नाही, हे ध्यानात ठेवूनच त्यांचा उपयोग करावयास हवा.

प्रश्न खरा उभा राहतो तो रुग्ण घरी गेल्यावर. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या तालुक्याच्या गावातून कंबरदुखीचा रुग्ण उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर, अकोला किंवा थेट मुंबई गाठतो. चिखली रेल्वेमार्गावर नाही. जाणे-येणे रस्त्यानेच होते. उपचाराच्या दुसऱ्या दिवशी तो गावी परततो. संक्रामणाची कळ उठते ती त्यानंतर दोन-चार आठवड्यांनी, जेव्हा ज्या हातांनी उपचार केला ते दूर असतात. ‘प्रवासात धक्के बसले’, ‘लवकर वाकून कामाला लागला’, ‘गादी पुन्हा सरकली’ अशी स्पष्टीकरणे सहज सुचतात आणि त्यांतील प्रत्येक स्पष्टीकरणाने आणखी एक-दोन आठवडे जातात. शेतातील कामाचा हंगाम असला, तर रुग्ण स्वतःही गोळ्यांवर दिवस काढतो. कापूस वेचणी व सोयाबीनची सोंगणी ही दोन्ही वाकून करावयाची कामे आहेत, त्यामुळे कंबरदुखीला तेथे वेगळे कारण शोधण्याची गरजच वाटत नाही. बुलढाणा येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने तज्ञ तपासणीचे ठिकाण जिल्ह्यातच आले आहे.

दुसरी अडचण क्षयरोगाची. जगातील क्षयरुग्णांपैकी सु. एक चतुर्थांश भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा कण्यात होतो. वाराणसीचे डॉ. एस्. एम्. तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘मध्यम मार्गा’ने औषधे व गरजेपुरती शस्त्रक्रिया यांचा मेळ घालून असंख्य रुग्ण बरे केले. परंतु कण्यात शोथ दिसला की क्षय, या सरावामुळे उपचारोत्तर चकतीशोथाच्या रुग्णालाही ऊतकाची तपासणी न करता क्षयाची औषधे सुरू केली जाण्याचा संभव असतो. उलट प्रकारही घडतो. कंबरदुखी मुळातच क्षयाची असते, ती गादीची समजून स्टेरॉइड टोचले जाते, काही दिवस आराम पडतो आणि आतील रोग मोकळेपणी वाढतो. अशा वेळी सुईने संक्रामण आणले नाही, पण ते झाकले. दोन्ही प्रकारांत भेद करण्यास रुग्णाच्या इतिवृत्ताचा मोठा आधार असतो : क्षयात दुखणे महिनोन्‌महिने हळूहळू वाढते, वजन घटते, सायंकाळी कणकण येते, उपचारोत्तर चकतीशोथात उपचाराआधीचे दुखणे, मधला आरामाचा काळ आणि त्यानंतरची तीव्र कळ असा क्रम बहुधा आढळतो.

लक्षणे व निदान : नवी वेदना पूर्वीच्या वेदनेहून निराळी असते. पायातील कळ मागे पडून कंबरेतच खोल ठणका लागतो, विश्रांतीने तो थांबत नाही, रात्री वाढतो. कुशीवर वळताना किंवा खाटेला धक्का लागला असतानाही पाठीचे स्नायू आवळून येतात. ताप निम्म्याहून कमी रुग्णांत असतो. रक्तातील श्वेत कोशिकांची संख्याही प्रमाणात असू शकते. सुईची जागा तर केव्हाच बुजलेली असते. तांबड्या कोशिकांचा अवसादन वेग आणि सीआरपी या नावाने परिचित असलेले रक्तातील प्रथिन मोजणे हा सर्वांत स्वस्त व उपयुक्त मार्ग होय. हे प्रथिन १९३० मध्ये ओळखले गेले. गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियेनंतर ते दोन-तीन दिवसांत सर्वोच्च पातळी गाठते व साधारणपणे दोन आठवड्यांत पूर्ववत होते. अवसादन वेग उतरण्यास अधिक काळ लागतो. पूर्ववत झालेली पातळी पुन्हा चढली, तर संक्रामणाचा संशय बळावतो. ही चाचणी तालुक्याच्या गावीही होऊ शकते, हे तिचे विशेष.

साध्या क्ष-किरण चित्रात चकतीची जागा अरुंद झालेली व कशेरुकांच्या कडा झिजलेल्या दिसण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर चित्र निर्दोष दिसते व फसवते. एमआरआय या चुंबकीय पद्धतीच्या चित्रणात विकृती पुष्कळ आधी दिसते. मोडिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या चित्रणाची संवेदनक्षमता ९६ टक्के असल्याचे दाखविले. जंतू कोणता हे मात्र चित्रावरून कळत नाही. त्यासाठी सुईने ऊतकाचा नमुना घेऊन त्याचे संवर्धन, क्षयजंतूंसाठी जनुकीय चाचणी आणि कवकांसाठी स्वतंत्र तपासणी करतात. नमुना घेण्यापूर्वी प्रतिजैविक दिलेले असल्यास जंतू मिळण्याची शक्यता बरीच घटते. म्हणून पायांत दुर्बलता अथवा रक्तात जंतुविषाची लक्षणे नसतील, तर नमुना मिळेपर्यंत औषध थांबविणे इष्ट समजतात. ‘बघू या, पाच दिवस गोळ्या घ्या’ असे सांगण्याची पद्धत या रोगात विशेष घातक ठरते, कारण तेवढ्या औषधाने जंतू मरत नाहीत, ते केवळ सापडेनासे होतात.

पायांत बधिरता वा अशक्तपणा, लघवी अडकणे अथवा नकळत होणे, ताप व मानेचा ताठरपणा यांपैकी काहीही आढळल्यास ती तातडीची अवस्था समजावी.

चिकित्सा : सापडलेल्या जंतूनुसार योग्य प्रतिजैविक बहुधा प्रथम शिरेतून व नंतर तोंडाने देतात. पूर्वी तीन महिने औषध देण्याची प्रथा होती. फ्रान्समध्ये ३५१ रुग्णांवर केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवडे व बारा आठवडे औषध घेतलेल्यांत बरे होण्याचे प्रमाण सारखेच, सु. ९१ टक्के, आढळले. कवकजन्य संक्रामणात मात्र व्होरिकोनाझोल, अँफोटेरिसीन यांसारखी औषधे कित्येक महिने द्यावी लागतात. पाण्यातील मायकोबॅक्टिरियमवर क्लॅरिथ्रोमायसीन व ॲमिकॅसीन यांचा उपयोग होतो. विद्रधी मोठा असल्यास, मेरुरज्जूवर दाब येत असल्यास किंवा औषधाने गुण न आल्यास शस्त्रक्रिया करून पू व मृत ऊतक काढून टाकतात. पक्षाघात पूर्ण होऊन बराच काळ लोटल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेने शक्ती परत येण्याची आशा थोडी असते.

वेळीच उपचार मिळालेल्या रुग्णांत वेदना काही आठवड्यांत ओसरू लागते. तोवर अंथरुणात विश्रांती व नंतर कमरेला पट्टा देतात. संक्रामणाने चकती नष्ट झालेली असते. तिच्या जागी हळूहळू हाड तयार होऊन वरचा व खालचा कशेरुक एकमेकांस जुळतात. यास एक ते दोन वर्षे लागतात. जुळलेल्या ठिकाणी हालचाल उरत नाही आणि ज्या गादीच्या दुखण्यासाठी रुग्णाने सुई टोचून घेतली होती, तेही पुष्कळदा तेथेच थांबते.